लाल पाटी

यांच्या हृदयाला लावलेल्या पंपाची बॅटरी घरी बदलायची पहिलीच वेळ. यांनी कंबरपट्ट्यावरच्या दोन्ही बॅटऱ्यांच्या पिनांना एकदम हात घातला. मी मनगटच घट्ट पकडलं. “अहो, एकेक! दोन्ही काढल्या तर पंपच थांबेल.” हे ओशाळले. “सवय गं. आधी सप्लाय बंद, मग मशीनला हात.” चाकणच्या कंपनीत तीस वर्षं मेंटेनन्सला काढली, त्या सवयीनंच दहाही बोटं शाबूत राहिली. “ही मशीन चालूच ठेवायची,” मी म्हणाले. “बोलत बोलत करा.” “एक काढली. नवी बसवली. दुसरी काढली. बसवली.” पंप चालूच होता. मग मी यांची कंपनीतली लाल पाटी कपाटातून काढली. हे ती दुरुस्तीवेळी स्विचला टांगायचे: ‘काम सुरू आहे, चालू करू नका.’ मार्करनं एक शब्द बदलला आणि यांच्याच पट्ट्याला बांधली: ‘काम सुरू आहे, बंद करू नका.’