थोडंसं अ‍ॅडजस्ट

पोह्यांचा दुसरा घास तोंडात जायच्या आत सुरुचीबाईंनी तो शब्द काढलाच.

"आमचं तसं मागणं काही नाही हो. फक्त ओवीला थोडं अ‍ॅडजस्ट करावं लागेल."

शकुनआजीचा चमचा बशीतच थांबला. समोर सोफ्यावर मुलाकडची मंडळी होती. सुरुचीबाई, त्यांचे यजमान गुरुदत्तराव आणि मुलगा सुश्रुत. बँकेच्या बदलीनं कोलकात्याला आलेली, न्यू टाउनला राहणारी माणसं. अलीकडे आजीचा मुलगा उदय आणि सून श्वेता, दोघंही माना डोलवायच्या तयारीत. नात ओवीचं आणि सुश्रुतचं तर ऑफिसातच ठरून गेलं होतं. उरला होता तो गुरुदत्तरावांचा होकार. आणि त्यांच्या घरात अंड्यालासुद्धा मज्जाव. इकडे सॉल्ट लेकच्या या फ्लॅटमध्ये ओवीला दात आले तेच माशाच्या कालवणावर.

म्हणून सकाळपासून घरात उदबत्त्यांचा नुसता धूर. माशाची कढई गॅलरीत, गादीखाली. आणि ओवीनं आजीच्या गळ्यात पडून वचन घेतलेलं, "आजी, माझ्यासाठी. आज तुझी जीभ देवघरात ठेव."

आजी शिकलेली जेमतेम चौथी. इंग्रजी यायचं ते बसच्या नंबरापुरतं. पण हा एक शब्द तिच्या हाडीमाशी मुरला होता. लग्न होऊन हावडा स्टेशनात उतरली तेव्हापासून तो तिच्या पाठीस लागला होता. बसमध्ये तिघांच्या बाकावर चौथा टेकवताना कंडक्टर म्हणायचा, अ‍ॅडजस्ट करा. ब्लाउज घट्ट शिवून ठेवला की शिंपी म्हणायचा, अ‍ॅडजस्ट होऊन जाईल. सोसायटीचा पंप बिघडला की सेक्रेटरी तेच म्हणायचा, आणि परवा नवी कवळी टोचते म्हटल्यावर दातांच्या डॉक्टरानंही तेच ऐकवलं. आजीनं त्याचा अर्थ कुणाला विचारला नव्हता. तिनं तो बघून ठेवला होता. म्हणणारा पाय पसरतो, ऐकणारा आखडून घेतो.

"सकाळचा स्वयंपाक उरकून ऑफिसला जायचं," सुरुचीबाई सांगत होत्या. "होईल की हळूहळू अ‍ॅडजस्ट."

"हो हो," उदय म्हणाला.

"आणि दिवेलागणीला घरी."

"हो हो," श्वेता म्हणाली.

"इथं वाढलेल्या मुलांना मासळीची सवय लागते म्हणतात. आमच्याकडे ते बाहेरसुद्धा चालायचं नाही. यांना वास सहन होत नाही."

गुरुदत्तरावांनी मान ताठ केली. जणू वास सहन न होणं ही त्यांनी पहिल्या वर्गात मिळवलेली पदवी होती.

आजीच्या जिभेवर एक वाक्य विळीच्या पात्यासारखं उभं राहिलं. समोर ओवीचा चेहरा दिसला. आजीनं घटाघट चहा पिऊन ते वाक्य पोटात ढकललं. जीभही पोळली, वर.

एवढ्यात बेल वाजली.

दारात समोरच्या फ्लॅटमधली मित्रबौदी, म्हणजे मित्र आडनावाच्या बंगाली घरातली वहिनी. काल आजीनं तिला सहज सांगितलं होतं, उद्या ओवीला पाहायला येताहेत. बिचारीला वाटलं, लग्न ठरलं! आणि बंगाल्यांकडे लग्न ठरलं की मासा नवरीसारखा नटून पाहुणचाराला येतो. तिच्या हातातल्या परातीत मांजराएवढा रोहू होता. अंगाला लाल बनारसीचा तुकडा, कपाळाला टिकली, नाकात नथ, तोंडात विडा.

"शुभ काजे माछ ना होले चोले, माशिमा?" शुभकार्य माशाशिवाय कसं व्हायचं, मावशी, म्हणत तिनं परात पोह्यांच्या शेजारी ठेवली, सगळ्यांना हात जोडले आणि गॅसवरच्या दुधाची आठवण होऊन पळाली.

उदय उभा राहिला आणि पुन्हा बसला. श्वेतानं डोळे मिटले. ओवी पांढरीफटक. गुरुदत्तराव नाकाला रुमाल लावून उठले.

"चल, सुरुची. कळलं आपल्याला घर."

आजीनं पदर खोचला. गेलं वचन उडत! तिनं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं.

सुरुचीबाई उठल्या नव्हत्या. त्या पुढं वाकून परातीकडे बघत होत्या, माहेरचं माणूस अचानक रस्त्यात भेटावं तशा. मग त्यांनी माशाचा बनारसी पदर हलकेच बाजूला केला आणि एका बोटानं त्याचा कल्ला उचलून पाहिला.

"लालभडक आहे," त्या पुटपुटल्या. "नदीतला असला तरी ताजा आहे."

हे बोट कधीकाळी मासळीबाजारात तयार झालेलं होतं. आजीला ते ओळखायला चष्मा लागला नाही.

"माहेर कुठलं तुमचं?" तिनं विचारलं.

"मालवण." सुरुचीबाईंनी बोट मागे घेतलं. ते नाकापाशी न्यावं की पुसावं, त्यांना ठरवता येईना. "मोठा मासा आला की डोकं माझं असायचं. लग्नात सासूबाई म्हणाल्या, थोडं..."

पुढचा शब्द त्यांच्याच्यानं निघाला नाही. निघायची गरजही नव्हती. आजीचा खोचलेला पदर आपोआप सुटला.

"डोकं मी मुगाच्या डाळीत घालते," ती म्हणाली. "तासाभरात होईल. जेवूनच जा."

"सुरुची!" रुमालाआडून आवाज आला. "येतेस ना?"

सुरुचीबाईंनी सोफ्यावर मांडी घातली. शेजारची जागा थोपटून ओवीला जवळ बसवून घेतलं. मग वर न बघताच म्हणाल्या,

"अहो, गॅलरीत गादी दिसतेय, तिथं बसा. थोडं अ‍ॅडजस्ट करा."