बसून वाजवायची गिटार

"सर, यावर रॉक वाजतं का?"

विचारून टाकलं एकदाचं. माझ्या स्टील गिटारला इस्त्रीचं टेबल म्हणणाऱ्या मैत्रिणींनी पैजच लावली होती, सरांकडून 'हो' आणलंस तर बँडमध्ये घेऊ.

मला साधी, गळ्यात अडकवायची गिटार हवी होती. पण आई-बाबा पडले दूरदृष्टीचे. स्टील गिटार मांडीवर आडवी ठेवून, तारांवरून पोलादी कांडी सरकवत वाजवतात. बसून वाजवलं की मुलगी हाताबाहेर जात नाही, हा त्यांचा शोध. सरही त्यांनीच शोधले, अंगाईसुद्धा दबकत वाजवणारे.

सरांनी शांतपणे खिडकी लावली. ॲम्प्लिफायरचं बटण शेवटपर्यंत फिरवलं आणि कांडी अशी काही फरफटवली की भिंतीवरचं त्यांचं सत्काराचं मानपत्र खाली आलं.

"मलाही वडिलांनी हीच घेऊन दिली होती," ते मानपत्र उचलत म्हणाले. "मुलगा एका जागी बसेल म्हणून. हं, आता तू."

घरी पोचताच मी जाहीर केलं, "आई, बाबा, मी रॉक बँडमध्ये वाजवणार आहे. काळजी करू नका, तुमच्या शब्दाबाहेर नाही. बसूनच वाजवणार."