चिठ्ठीखालची माफी

"भाऊ, आमच्या बचतगटाले शिलाई मशीनची दुरुस्ती शिकवायले याल का?" जिवतीच्या गुणाबाईंच्या या पत्राला भैयाजींनी दोन वर्षं उत्तरच दिलं नव्हतं. आपण नुसती पुस्तकं वाचून शिकलेलो, आपण काय शिकवणार, असं त्यांना वाटे. हौसेनं फुकट दुरुस्त केलेल्या प्रत्येक मशीनच्या खणात ते चिठ्ठी ठेवत: काय बिघडलं, काय केलं आणि खाली, 'चुकलं असल्यास माफी.'

मोटर जळाली म्हणून आज बचतगटातली रुबीना गटाची मशीन घेऊन आली. खणात भैयाजींच्या जुन्या चिठ्ठीवर गुणाबाईंच्या अक्षरातल्या आणखी चार चिठ्ठ्या. चारही दुरुस्त्या अचूक. प्रत्येकीखाली माफी.

"ही माफी काऊन लिहिली?" भैयाजींनी विचारलं.

"ते बी दुरुस्तीतच येते ना, भाऊ? त्याच्याबिगर गुणाबाई खण लावू देत नाई."

ती गेल्यावर त्यांनी गुणाबाईंना पोस्टकार्ड लिहून टपालपेटीत टाकलं: 'येतो शिकवायला.' खाली माफी नव्हती.