पहिली नोंद

लग्नाच्या वाढदिवसाला अद्वैतने स्मृतिकोशात जशाच्या तशा साठवलेल्या आपल्या आठवणी बायकोला, मृण्मयीला, खुल्या केल्या. लग्नाआधीच्या तेरा नोंदी होत्या, पण मृण्मयीच्या पडद्यावर बाराच आल्या. चूक नोंदी दाखवायला तिनेच लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये निघाली. नोंदी आहेत का हे तपासतानाच तो पहिली नोंद उचलायचा आणि ती दाखवायची राहून जायची. तिने तपासणीची ओळ खोडली.

आधी यादी वाचनालयातल्या अवचित भेटीपासून सुरू होत होती. कांदेपोहे साफ नाकारणाऱ्या मृण्मयीने बाबांशी भांडून अद्वैतशी लग्न केलं होतं.

आता त्या भेटीच्या आदल्या संध्याकाळची नोंद उघडली. बाबा तिचा फोटो अद्वैतपुढे सरकवत होते. “उद्या पाचला ती वाचनालयात असेल. पुढे मी कडाडून विरोध करतो, म्हणजे ती हट्टाने तुमच्याशीच लग्न करेल.”