तिसरं बटण

"अजून पंधरा दिवस थांबू या," तिनं तिसऱ्यांदा सांगून पाहिलं. "मधल्या कप्प्यात अजून अडतीस अंश आहे. थंड झाल्याशिवाय खत तयार म्हणत नाहीत."

थर्मामीटर तिचाच होता. कॉलेजच्या प्रयोगशाळेत बत्तीस वर्षं मदतनीस म्हणून काढली, त्याची निरोपाची भेट.

"ताई, तुमचा पारा खाली यायची वाट बघितली तर थंडी संपेल," नर्सबाई म्हणाली आणि फावडं घेऊन सरळ कप्प्यात उतरली.

इमारतीच्या मागच्या मोकळ्या जागेत प्रत्येकाचे दोन-दोन वाफे होते आणि विटांच्या तीन कप्प्यांचं सामाईक खत. थंडी सुरू झाली की एका रविवारी चार वाजता सगळे जमायचे, खत वाटून घ्यायचे आणि एकमेकांना अक्कल शिकवायचे. आजही तेच चाललं होतं. पाणी संध्याकाळी नको, सकाळी द्या. रात्रभर ओल राहिली की मुळं गारठतात. नर्सबाईचं म्हणणं, नाजूक रोपांवर ऊन उतरायच्या आत गोणपाट टाकायचं आणि सकाळी ऊन आलं की न चुकता काढायचं, नाहीतर ती आत गुदमरतात. कोपऱ्यावरचा लाँड्रीवाला म्हणाला, पांघरुणाला त्याच्याकडच्या जळक्या चादरी न्या, हव्या तितक्या.

"हरवल्या नसतील तर द्या," तिचा नवरा म्हणाला.

कुणी हसलं नाही. लाँड्रीवाल्यानंही मान खाली घालून गोणीचं तोंड नीट केलं.

आठ महिने हे असंच चाललं होतं. चारचौघांत, भाजी घेताना, जिन्यात, नवरा लाँड्रीवाल्याला गाठून विचारायचा. पांढरा सुती शर्ट, तिसरं बटण लाल दोऱ्यानं लावलेलं, आठवतोय का? ते बटण मुलानं स्वतः लावलं होतं, हाताला लागला त्या दोऱ्यानं. मुलगा जाऊन दोन हिवाळे झाले होते. तरी दर रविवारी तो शर्ट इस्त्रीला जायचा आणि परत त्याच्या खोलीच्या दारामागे टांगला जायचा. उन्हाळ्यात एकदा केर काढताना तिनं दार लोटलं, शर्ट हलला, आणि तिच्या तोंडून "आलास?" निघून गेलं.

त्यानंतरच्या रविवारी शर्ट इस्त्रीला गेलाच नाही. तिनं तो मधल्या कप्प्यात, बरोब्बर मधोमध पुरला, जिथं उष्णता सगळ्यांत जास्त असते. सुती कापड, साठ अंश, बेताचा ओलावा: सहा महिने. तिनं धरले आठ. खत परतायचं काम तिनं आपणहून अंगावर घेतलं, आणि परतलं ते शर्टाच्या भोवतीनं. घरी सांगितलं, लाँड्रीवाल्यानं हरवला. नवरा लगेच भांडायला जाईल हे तिच्या हिशेबात नव्हतं. खरं सांगायचा दिवस मग रोज एक दिवस पुढे गेला.

चाळणी मोठी, दोघांनी दोन बाजूंनी धरायची. आज एका बाजूला नवरा आणि दुसऱ्या बाजूला लाँड्रीवाला आला होता. बाकी कुणाचे हात मोकळे नव्हते. नर्सबाई फावड्यानं घालत होती. काळं, भुसभुशीत खत खाली पडत होतं, वर काड्या आणि अंड्यांची टरफलं राहत होती. ती जरा निवांत झाली. कापडाचा धागासुद्धा दिसत नव्हता.

मग लाँड्रीवाला हलवायचा थांबला.

जाळीवर दोऱ्यांचा गुंता होता. त्यानं दोन बोटांनी तो अलगद उचलला, जसा तो कुठलाही शर्ट खांद्यांत धरून उचलायचा. गुंता उलगडला. कॉलरचा ताठ पट्टा, खांद्यांची शिवण, दोन बाह्यांच्या दोन लांब रेषा, खाली काठ. मधे काही नाही. पुढच्या दुहेरी शिवणीवर बटणं ओळीनं लोंबत होती. तिसऱ्याला मातीतूनही लाल दिसत होतं.

त्यानं ते तिच्या नवऱ्यापुढे धरलं.

नवऱ्यानं बटणाला अंगठा लावला. पुसलं. बराच वेळ पुसलं. मग त्यानं तिच्याकडे पाहिलं, आणि तिनं थर्मामीटर मुठीत घट्ट धरला.

"कापड सुती होतं, दादा," लाँड्रीवाला हळूच म्हणाला. "दोरा पॉलिस्टरचा. तो कुजत नाही."

नवऱ्यानं चाळणी खाली ठेवली. लाँड्रीवाल्याची गोणी स्वतः ओढून घेतली आणि सगळ्यांच्या आधी ती भरली, दाबून दाबून, तोंड बांधता येईना इतकी. लाँड्रीवाला "बास, दादा, बास" म्हणत राहिला.

ऊन भिंतीवरून वर सरकत होतं. जो तो आपापल्या वाफ्याकडे वळला. नवऱ्यानं वाटाण्यासाठी आणलेल्या दोन काठ्या आडव्या-उभ्या बांधल्या, वाफ्याच्या टोकाला रोवल्या आणि ते दोरे त्यांच्यावर घातले. वारा नव्हता, तरी बाह्या हलत होत्या.

मग त्यानं रोपांवर गोणपाटं पसरली. एक उरलं. ते त्यानं काठीच्या खांद्यांवर टाकलं. एका बाजूनं ते घसरायला लागलं. ती पुढे झाली आणि तिनं ते टोक धरलं. दोघांनी मिळून ते नीट बसवलं, मानेपाशी खोचलं.

तो तिच्याकडे न बघता म्हणाला, "सकाळी ऊन आलं की काढायचं. नाहीतर गुदमरतं."