उभ्या गाडीतली गळती

बाईंनी बॅटरीच्या एका टोकाची वायर सोडवली, मधल्या जागेत वीज किती वाहते ते दाखवणारा मीटर जोडला आणि तो समोरच्या काचेवर असा टेकवला, की आकडा गाडीत बसूनही दिसावा. मग ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडं ठेवून त्याच्या कडीत स्क्रूड्रायव्हर घालून ती फिरवली. आतला दिवा विझला. दार उघडंच होतं, पण गाडीला वाटलं, लागलं.

"आता थांबायचं," बाई मुलाला म्हणाल्या. "वायरला हात लावला की गाडी जागी होते. पुन्हा झोपू दे तिला."

मुलगा तळघरातल्या पार्किंगच्या खांबाला टेकून उभा होता. पाच वाजता गाडी विकत घ्यायची म्हणून ती बघायला माणूस येणार होता. तो त्यानेच ठरवला होता.

"आई, कशाला हा खटाटोप? आतला दिवा तू चालू ठेवतेस, बॅटरी उतरते. वयानं होतं असं."

"होतं ना. माझ्या वयानं झालंय की गाडीच्या, तेवढं बघू. माझ्या असेल तर चावी तुझी."

जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलेल्या बाईचा आवाज अशा वेळी चढत नसे, उलट खाली येई. मुलाला तो आवाज लहानपणापासून ठाऊक होता. त्याने मीटरकडे नजर वळवली.

थोड्या वेळाने बाईंनी विचारलं, "आकडा किती?"

"पॉइंट दोन."

"घरातले सगळे नळ बंद आहेत आणि पाण्याचा मीटर तरी फिरतोय. काय समजायचं?"

"मी आता सातवीत नाही, आई."

"सातवीतली मुलं उत्तर द्यायची."

त्याला हसू आलं. "कुठेतरी पाणी मुरतंय."

"बरोबर. गॅरेजवाल्याने दोनदा टाकीच बदलली, म्हणजे बॅटरी. साप राहिला बाजूला, भुई धोपटली."

त्या गुडघ्यांवर हात टेकत सीटच्या कडेला बसल्या आणि स्टिअरिंगखालच्या खोक्यातला एकेक फ्यूज चिमट्याने काढू लागल्या. एक काढायचा, काचेकडे बघायचं, परत जागेवर लावायचा. हॉर्न. काचा. मागचे दिवे. आकडा हलेना. मुलाने घड्याळात बघितलं. बाईंनी बघितलं नाही.

रेडिओचा फ्यूज निघाला आणि आकडा धाडकन खाली आला.

"रेडिओ," मुलगा घाईने म्हणाला. "म्हणजे रेडिओ बिघडलाय. जुनी गाडी म्हटलं की हे आलंच. राहू दे आता, आई. तो माणूस येईल."

"येऊ दे. त्यालाही दाखवू." बाईंनी तो फ्यूज परत लावला, रेडिओ दोन्ही बाजूंनी सैल करून पुढे ओढला आणि मागची वायरिंग बघितली. एका वायरला जोड होता. जोडातून एक बारीक लाल वायर निघून खाली काळोखात गेली होती.

"राहू दे ना," मुलगा पुन्हा म्हणाला. या वेळी हळू.

बाई जोडाकडे बघत राहिल्या. चिकटपट्टीचं टोक दुमडलेलं होतं. पुढच्या माणसाला पट्टी सोडवताना नखं मोडावी लागू नयेत, म्हणून दुमडायचं. वर्गातल्या कैक मुलांना त्यांनी हे शिकवलं होतं. लक्षात ठेवणारा एकच, घरातला.

त्यांनी वायर धरून ओढली. काडेपेटीएवढी काळी डबी बाहेर आली. तिच्यावर हिरवा ठिपका लुकलुकत होता.

"गाडी कुठे आहे ते कळतं," मुलगा म्हणाला. "मोबाइलवर. काळजी वाटते म्हणून... तुला सांगितलं असतं तर तू लावू दिलं नसतंस."

"नसतंच दिलं."

"तिच्यामुळे बॅटरी उतरत असेल हे डोक्यातही आलं नाही. शपथ."

बाईंनी डबी तळहातावर घेतली. "इथे तळघरात हिला उपग्रह सापडत नाही. मिळेपर्यंत शोधत बसते बिचारी. दिवसरात्र."

मुलाचा फोन वाजला. त्याने नंबर बघितला, आईकडे बघितलं.

"नाही, येऊ नका," तो फोनवर म्हणाला. "विकायची नाही. नाही, गाडी ठीक आहे. चूक माझी होती."

त्याने फोन खिशात ठेवला आणि डबीसाठी हात पुढे केला. "काढून टाकतो."

"काढू नकोस." बाईंनी पक्कड त्याच्या हातात दिली आणि स्वतः टॉर्च धरली. "रेडिओला दोन वायर येतात. एक कायम जागी असते, दुसरी चावी फिरवल्यावर जागी होते. तू पहिलीला जोडलंस. आता दुसरीला जोड. चुकला त्याने सुधारायचं."

तो गाडीत वाकला. जुना जोड नखाशिवाय सुटला. नवा त्याने नीट पिळला, पट्टी गुंडाळली, टोक दुमडलं. हिरवा ठिपका विझला. काचेवरच्या मीटरमध्ये शून्याच्या आसपास काहीतरी उरलं.

"आता मी गाडी चालवत असेन तेव्हा तुला कळेल, मी कुठे आहे," बाई म्हणाल्या.

"आणि गाडी उभी असताना?"

बाईंनी टॉर्च बंद केली.

"तेव्हा फोन करायचा."