पडद्याची दोरी

बायकांच्या सज्जातून योनाने सिनेगॉगच्या, ज्यूंच्या प्रार्थनाघराच्या, दोन्ही बाजूंना पाहिलं. माणसं अंकांनी मोजायची नाहीत अशी रीत, म्हणून तिने दहा शब्दांची ओळ मनात म्हटली, माणसागणिक एक शब्द. मधल्या भिंतीच्या अलीकडे ओळ सहाव्या शब्दावर थांबली, पलीकडे चौथ्यावर. आबांना, तिच्या वडिलांना, जाऊन आज तीस दिवस झाले होते; शोकाचा हा शेवटचा दिवस सूर्यास्ताला संपणार होता. कद्दिश, मृतासाठीची प्रार्थना, म्हणायला दहा पुरुष लागतात, आणि सूर्य टेकडीला टेकला होता.

अलीकडे जेर्बा बेटावरून आलेले, पलीकडे कुर्दिस्तानातले. दोन्हीकडची तरुण माणसं केव्हाच शहरात गेली होती.

"बुगीदकाका, पलीकडे चौघं आहेत," योना खाली वाकून म्हणाली. "आजच्यापुरते एका बाजूला बसा ना."

"त्यांच्यात? ते प्रार्थना करतात की मेंढ्या हाकतात?"

"ऐकतोय मी," पलीकडून नहूमचा आवाज आला. "आमच्या मेंढ्यासुद्धा तुमच्यापेक्षा सुरात ओरडायच्या."

सहांमध्ये योनाचे सख्खे काका होते, हाइम, आबांचे भाऊ; जेर्बाचे नसले तरी ते याच बाजूला बसायचे. कद्दिश तेच म्हणणार होते. त्यांनी पुस्तक मिटलं. "राहू दे, पोरी. घरी जाऊन दिवा लावू."

"राहू देणार नाही," योना म्हणाली.

ही भिंत आबांनीच घातली होती. प्रार्थनेच्या चालींवरून भांडण पेटलं, तेव्हा दोन्हीकडच्यांनी विटांची भिंत मागितली. आबा काचकाम करायचे, रोमानियाचे, दोघांपैकी कुणाचेच नव्हते. त्यांनी काच बसवली. "गुलामीतून निघालेल्या आपल्या पूर्वजांसाठी समुद्र दुभंगला, तेव्हा त्यांच्या बारा कुळांना बारा वेगळ्या वाटा मिळाल्या," ते म्हणाले होते, "पण मधल्या पाण्याच्या भिंती काचेसारख्या होत्या. एकमेकांना दिसावं म्हणून." दुसऱ्याच दिवशी लोकांनी जाड पडदा मागितला. आबांनी तोही मुकाट्याने लावून दिला. बावीस वर्षं तो कुणी हलवला नव्हता.

योनाने सज्जाच्या खांबाला गुंडाळलेली पडद्याची दोरी सोडली आणि दोन्ही हातांनी ओढली.

पडदा बाजूला सरकला, धूळ खाली बसली. दहा म्हातारे काचेतून एकमेकांकडे बघत राहिले.

"म्हातारा झालास रे, नहूम," बुगीद म्हणाला.

"तू कुठे नवरदेव दिसतोस?"

बुगीदने घसा खाकरला. "खिडकीत तोंड दिसलं, की माणूस दहांत धरायचा. जुना नियम आहे. मला आवडो न आवडो." मग तो काकांकडे वळला. "म्हण, हाइम."

योनाने ओळ पुन्हा म्हटली. या वेळी ती शेवटच्या शब्दापर्यंत गेली. काकांनी ठाम आवाजात कद्दिश म्हटला. आमेन दोन चालींत आलं.

दोरी अजून योनाच्या हातात होती. पडदा मागणारे सगळे खाली बसायचे, आणि आबांनी तिचं टोक वर आणून सोडलं होतं, सज्जात, जिथे दोन्हीकडच्या बायका एकत्रच बसायच्या आणि कुणी कधी भिंत मागितली नव्हती.